हार घातलेला दुकानदार

झेंडूच्या ओल्या हाराचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. माझा भाऊ ट्रॉलरवर काम करायचा. पाठदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांची त्याला सवय जडली आणि एका दुपारी तो जेटीवर निळ्या ओठांनी निपचित सापडला. मासळी सुकवणाऱ्या बायकांनी त्याला रिक्षात घातलं, वाटेत आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई चढल्या, म्हणून तो वाचला. मग गाव जागा झाला. फादरनी चर्चचा हॉल दिला, रिक्षावाल्यांनी माणसांची ने-आण करायला पाळ्या लावल्या, नर्सबाईंनी व्यसन सोडवण्यासाठी रविवारची बैठक सुरू केली. पहिल्याच बैठकीला पुढाऱ्यांनी पाहुणा म्हणून औषधाच्या दुकानदाराला बोलावलं आणि त्याच्या गळ्यात हार घातला. आई ताडकन उठली. "ह्येका हार कित्याक? माझ्या झिलाक चिठ्ठीशिवाय गोळये ह्येनाच दिल्यान!" कुणीतरी म्हणालं, "बस गो, पावणो आसा तो." आईने पुढे जाऊन हार ओढून काढला. दुकानदार म्हणाला, "मी कुणावर जबरदस्ती केली नाही." तेव्हा नुकताच उपचार घेऊन आलेला भाऊ मागून बोलला, "माका नको होते, तेव्हापण तुम्ही घराक पाठवल्यात." मग एक बाई उभी राहिली, "माझ्या घोवाकय." तिच्यामागे आणखी एक. तक्रार झाली, दुकानाला टाळं लागलं आणि थोड्याच दिवसांत दुकान पुन्हा उघडलंही. आज रविवारची बैठक भाऊच घेतो. त्या दुकानासमोर मात्र मी रोज थांबते आणि दुकानदार मान खाली घालेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.