नको म्हणायची सवय

नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला आले आणि पहिली दोन वर्षं मी फक्त फॉर्म भरले. विम्याचे, घराचे, खेमेंटेचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे. डच धड बोलता येत नव्हतं, पण फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्या वस्तीतल्या आरोग्यसेविकेला हे कळलं आणि तिने मला जवळजवळ पळवूनच नेलं. ती मूळची कोलंबियाची, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. स्पॅनिश बोलणारी कुटुंबं शोधायची आणि त्यांना फूड बँकेचा, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेचा, आठवड्याचा क्रेट मिळवून द्यायचा, हे तिचं काम. बोलायचं तिने, अर्ज भरायचा मी, असं ठरलं. दोघी सायकलवर निघायचो. या गावात कुठल्याही दिशेला जा, वारा समोरूनच येतो.

एका दुपारी आम्ही इक्वेडोरच्या एका बाईकडे गेलो. स्पेनमध्ये बांधकामं बंद पडली, नवऱ्याचं काम गेलं, म्हणून हे कुटुंब इकडे आलं होतं. इथेही त्याला काम मिळे ते आठवड्यातून एखाददोन दिवस. त्यांची मुलगी सहा वर्षांची. शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं की डबा खायच्या सुट्टीत ही पोर झाकण जरासंच उघडते, आत हात घालते आणि नुसतंच तोंड हलवते. डब्यात काही नसतंच.

घर लख्ख होतं. बाईने आमच्यापुढे कॉफी ठेवली आणि बशीत हिरव्या केळ्याचे तळलेले काप. त्या पोरीच्या तोंडचा घास मी कसा खाणार? "नको, नको, खरंच नको," म्हणत मी कपावर हात ठेवला. तिने एकदा आग्रह केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा मी बशीच तिच्याकडे सरकवली. मोठ्या मनाचं काहीतरी केलं असं मला वाटलं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

बाईने बशी उचलून आत ठेवली. परत येऊन उभ्याउभ्याच ती दोन वाक्यं बोलली. आरोग्यसेविकेने मला इंग्रजीत सांगितलं, "आमचं ठीक चाललंय म्हणते. क्रेट दुसऱ्या कुणाला द्या म्हणते."

खाली सायकलचं कुलूप काढताना आरोग्यसेविका माझ्यावर उखडली. "तिच्या घरचं तुला चालत नाही, मग तू आणलेलं तिने का घ्यावं? अगं, एक काप खाल्ला असतास तर काय बिघडलं असतं?"

मला रडू आलं. रागही आला, आधी तिचा, मग स्वतःचा. माझ्या त्या चांगुलपणापायी ती पोर अजून उपाशी राहणार होती.

तीन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी स्पॅनिशमधलं एकच वाक्य पाठ केलं होतं. दार उघडताच म्हटलं, "मला भूक लागली आहे." बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग आत गेली. तेल तापल्याचा वास आला.

बशी आली. पोर दारात उभी राहून बघत होती. मी तिला जवळ बोलावलं, तर आईने मान हलवली. पाहुणे आधी. मी एकेक काप खाल्ला, बशी रिकामी केली. इतकं अवघड खाणं मी जन्मात खाल्लं नाही. मग बाईने तेलकट हात पुसले, खुर्ची ओढली आणि अर्जासाठी हात पुढे केला.

दोनेक महिन्यांनी एका कागदावर सही घ्यायला मी तिच्याकडे गेले, तेव्हा पोर नुकतीच शाळेतून आली होती. माझ्याशेजारी बसून तिने डबा काढला आणि झाकण पूर्ण उघडलं. आत ब्राऊन ब्रेडचा अर्धा तुकडा उरला होता, चीज लावलेला, कडा वाळलेल्या. तिने तो माझ्यापुढे धरला.

सवयीने 'नको' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि ब्रेड घेतला. डोळे भरून आले, तरी सगळा खाल्ला. तोवर ती उघडा डबा मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसली होती.