अंगठ्याची पोच

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात लोकांच्या अंगठ्यावर आमच्या शेजारच्या बाबूंइतका जीव टाकणारा माणूस सापडणार नाही. बाबू जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात कारकून. अंगठा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा, पिवळा, टुणकन उभा राहणारा. जिल्ह्यातल्या तमाम सिस्टरांचा ग्रुप त्यांनी काढला आणि सरकारी भाषेत जिला पोच म्हणतात ती या अंगठ्यावर आणून ठेवली. निरोप टाकला की चष्मा कपाळावर चढवून अंगठे मोजत बसायचे. लग्नाच्या पंगतीत एकदा वरणवाल्यालाच हातानं अडवलं, "थांब रे, शेलूबाजारचा अंगठा येऊन राह्यला!"

पूर्वी महिन्याची बैठक असे. साहेबांचं भाषण कुणी ऐकत नसे, पण खरं शिक्षण नंतर डब्यांभोवती चाले. कोणत्या गावची वाट पावसात तुटते, कोणतं औषध कुठं मिळतं, हे जुनी सिस्टर नवीला भाकरीच्या घासाबरोबर सांगे. बाबूंनी बैठकच बंद पाडली. "कायले पेट्रोल जाळता? ग्रुप हाय ना!" साहेब खूश. मला पत्रकं छापून वाटायची खोड; मी तेव्हाच एक काढलं: 'निरोप फॉरवर्ड होतो, शहाणपण होत नाही!' बाबूंनी ते कौतुकानं ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठे दिले.

एकट्या रिसोडकडच्या जुन्या सिस्टर थकबाकीदार. बाबू फोन लावायचे, "बाई, काहून अंगठा नाई देल्ला?"

"वाचून राह्यली ना बाबू! फुलं, सुविचार अन् सरकारी हुकूम तुमी एकाच टोपल्यात भरता. निवडाले वेळ लागते."

बाकीच्या मात्र शहाण्या झाल्या होत्या. आधी अंगठा, मग वाचन. आणि हे 'मग' कधी उजाडत नसे. याला कामचुकारपणा म्हणू नका. माणसाला पोच मागत सुटलं की माणूस पोचच देतो, दुसरं काही देत नाही.

एका सकाळी बाबूंनी टाकलं: अनसिंगकडच्या आरोग्य केंद्राचा फ्रीज बंद पडला आहे, साप चावल्यावरची इंजेक्शनं वाशिमला हलवली आहेत, पेशंट थेट तिकडे पाठवावेत. वर गुलाब, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. सगळ्यांचे अंगठे आले. त्याच संध्याकाळी अनसिंग रस्त्यावर भाजीपाला पिकवणाऱ्या माझ्या गोदामावशीनं वांग्याचं झाड डाव्या हातानं बाजूला केलं आणि साप डसला. गावच्या नव्या सिस्टरनं जिवाच्या आकांतानं जीप मिळवली आणि मावशीला धाडलं ते फ्रीज बंद पडलेल्या केंद्रात. तिथून जीप वाशिमकडे उलटी पळाली. मावशी वाचली. डावा अंगठा काळा पडला, तो कापावा लागला.

चौकशी झाली. निरोप दिला होता? दिला होता. पोच होती? सगळ्यांची होती. मग दोषी कोण? कोणीच नाही! ग्रुपवर एवढंच आलं: 'महिला रुग्णाची प्रकृती स्थिर.' त्यालाही अंगठे.

मदतीच्या अर्जासाठी मी मावशीला घेऊन कार्यालयात गेलो. खिशात नवं पत्रक होतं, त्यात बाबूंना नावासकट सोललं होतं. बाबूंनी मोबाइलमधून मान न काढता शाईचा पॅड सरकवला. "इथं डावा अंगठा मारा, बाई."

"कोनता मारू, बाबू?" मावशी म्हणाली. "डावा तं दवाखान्यातच राह्यला."

बाबूंनी मान वर केली. पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. मग पॅडचं झाकण लावलं, आणि ते लावायलाही त्यांना फार वेळ लागला.

संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावरून हाक मारली आणि मोबाइल पुढे केला. ग्रुपवर लिहिलं होतं: 'त्या बाईचा अंगठा माझ्यामुळे गेला. मी निरोप पाठवत होतो, सांगत नव्हतो.'

खाली अंगठे येत होते. एकामागून एक, टुणटुण. एकीनं गुलाबही टाकला.

"पाह्य," बाबू म्हणाले, "सगळ्याईले पोचलं."

माझ्या खिशात पत्रक होतं. ते काढायला हात गेला नाही. तेवढ्यात फोन वाजला. रिसोडकडच्या सिस्टर.

"बाबू, वाचलं म्या. दोनदा वाचलं. जेवले का तुमी?"

बाबूंनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"बरं, आइका. बैठक कधी घेता? त्या नव्या पोरीले बोलवा. डबा मी आणीन."

"हो," बाबू कसंबसं म्हणाले. "या." त्यांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला. पालथ्या फोनमधूनही तो टुणटुण आवाज बराच वेळ येत राहिला.