जावयाचं घड्याळ

बंद पडलेली घड्याळं ड्रॉवरमध्ये साचतात, तसे किस्सेही साचतात. घड्याळं न्यायला निदान कोणी तरी परत येतं. किस्से मात्र लोक आमच्याकडेच टाकून जातात.

जरीपटक्यात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. हल्ली दुरुस्तीला कमी आणि "असली हाये का पाहा, भाव सांगा" म्हणायलाच लोक जास्त येतात. जुन्या घड्याळांना भाव आलाय ना! वडिलांचा नियम एकच होता, नकलीला असली म्हणायचं नाही. त्या शब्दावरच दुकान चाललं. मीही तो पाळत आलो. पण खरं सांगू? थकलो आता.

* * *

हिंगण्याच्या कारखान्यातले एक सुपरवायझर आजोबांचं घड्याळ घेऊन आले. अस्सल स्विस! डायल पिवळी पडलेली, आकडे पुसट. मी म्हटलं, "हिला हात लावू नका. हा जुनेपणा हीच तिची किंमत." माणूस खूश होऊन गेला.

काही दिवसांनी हसत हसत परत आला. डायल नव्यानं रंगवलेली, पांढरीशुभ्र! वरून घड्याळाच्या केसलाही पॉलिश!

"भाऊ, पिवळ्या डायलचा तुम्ही एवढा भाव सांगतला होता. आता चमकवून आणलं. आता सांगा!"

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुसरं काय करणार?

* * *

बेसा गावाकडचा एक पोरगा मोबाइलवर पाहून "दुसऱ्या महायुद्धातलं" घड्याळ घेऊन बसला होता. डायलवर वाराची खिडकी, आणि त्या खिडकीत हिंदीत 'गुरु'.

"बाबू, कोणत्या देशाचा सैनिक हिंदीत वार पाहत होता?"

पोरगा जराही डगमगला नाही. "काहून? आपले जवान नव्हते का त्या लढाईत?"



* * *

दिलीप माझा शाळेपासूनचा दोस्त. रोज सकाळी दुकानात येऊन बसायचा. एकदा व्याह्यांना घेऊन आला, स्वतःच्या मनगटावरचं जुनं सोन्याचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "सांग गा यायले, असली हाये ना?"

मी उघडलं आणि सवयीनं बोलून गेलो, "केस सोन्याची आहे, आतलं मशीन दुसरंच टाकलंय."

व्याही हसले. दिलीप नाही हसला.

तेव्हापासून तो समोरच्या टपरीवर चहा पितो, माझ्याकडे पाठ करून. फार वाईट वाटतं. त्या मशीनचा आजही राग येतो मला.

* * *

आमच्याकडे एकेकाळी लग्नात जावयाला घड्याळ द्यावंच लागे. नाही तर जावई रुसला म्हणून समजा! ती रीत अजून संपलेली नाही. परवा एक गृहस्थ घड्याळ काउंटरवर ठेवून म्हणाले, "नीट पाहा भाऊ. असली निघालं तर विकतो."

"आणि नकली निघालं तर?"

"तर जावयाले देऊन टाकतो!"

* * *

आणि मागच्या आठवड्यात एक म्हातारं जोडपं आलं. मावशी पायऱ्या चढून राहिल्या होत्या, तेवढ्यात काका घाईघाईनं पुढे आले आणि मनगटावरचं घड्याळ माझ्या हातात कोंबलं.

"सासऱ्यानं लग्नात देल्लं होतं. नकली हाये, तुह्या बापानं कधीचंच सांगतलं मले. पण हिच्यासमोर असली म्हण गा. जावा हिले टोमणे मारून राहिल्या, हिच्या बापानं नकली देऊन फसवलं म्हणून."

मावशी येऊन स्टुलावर बसल्या. "विकाचं नाही बाबू. फक्त असली हाये का तेवढं सांगा. माह्या बापाच्या इज्जतीचा सवाल हाये."

मी झाकण उघडलं. आत कुठलं तरी जोडजाड केलेलं मशीन. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेली बारीकशी फुली. वडील नकली घड्याळावर ती खूण करून ठेवायचे, पुन्हा तपासायला नको म्हणून.

समोर भिंतीवर वडिलांचा फोटो. समोरच्या टपरीवर दिलीपची पाठ. काका माझ्याकडे पाहत होते.

मी झाकण लावलं. "असली आहे, मावशी."

काकांनी घड्याळ घेतलं, ऐटीत मनगटावर बांधलं आणि ऑटो पाहायला खाली उतरले.

मावशी हळूच पुढे वाकल्या. "मीबी एकदा दाखवलं होतं, चोरून. तुमचे वडीलबी असेच खाली मुंडी घालून 'असली हाये' म्हणले होते. तवाच समजलं मले."

मग दाराकडे पाहून म्हणाल्या, "ह्यायले सांगू नका बरं. मोठ्या हौसेनं घालतेत ते!"