पाच इंच पाणी आणि औशाचा रस्ता

१० बहमन १३५४ फसली, म्हणजे १९४४च्या डिसेंबरचा मध्य. जागा लातूरच्या गंजातली, म्हणजे धान्यबाजारातली, एक आडत. जवळ हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामी, दोन हजार रुपये. हजर चौघं: मी, माझी पत्नी, गाडी विकायला काढलेला आडत्या आणि त्याचा म्हातारा ड्रायव्हर.

मी तेव्हा नांदेडला वकिली करत होतो. आमची गाडी तेरा वर्षांची झाली होती आणि नांदेडहून लातूरला येताना तीनदा बंद पडली होती. तेवढ्यानं मी गाडी बदलली नसती. पण औशाला दिलेल्या आमच्या मुलीला सातवा महिना लागला होता आणि तिला बाळंतपणाला नांदेडला आणायचं होतं. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात ती मोटारीनं, म्हणजे प्रवासी सर्व्हिसच्या बसनं, माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी सगळं संपलं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ‘हादरे नकोत, आणि वाटेत आडरानात मुक्कामही नको.’ औसा ते नांदेड शंभर मैल. एवढ्या रस्त्याला भरवशाची गाडी हवी होती.

लातुरात दोन लहान गाड्या विकाऊ होत्या. एक जिनिंगच्या मॅनेजरची, नव्या रंगानं चकचकीत, सांगितलेली किंमत सतराशे. दुसरी आडत्याची, रंग उडालेली, तरी एकोणीसशे. हादरे कोणत्या गाडीत कमी बसतात ते मोजायचं कसं, यावर मी दोन दिवस विचार केला होता. शेवटी पत्नीकडून एक सरळ काठाचं भगुणं घेतलं, त्यात पाच इंच पाणी भरलं, मागच्या सीटवर ठेवलं आणि औशाच्या रस्त्यानं सहाव्या मैलापर्यंत जाऊन परत आलो. मग फूटपट्टी बुडवून पाहिली.

मॅनेजरची गाडी त्याच्याच ड्रायव्हरनं चालवली. दोन इंच पाणी सांडलं. आडत्याची त्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं. तीत फक्त अर्धा इंच.

आडत्या ओट्यावरून सगळं बघत होता. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पानाचा डबा. म्हणाला, “वकीलसाहेब, गाडी घ्यायला आलाव का दूध घालायला? लढाईपायी पेट्रोलला कूपनं लागतेत हो!”

“आप्पा, पट्टी तुमच्याच बाजूनं बोलतेय,” मी म्हणालो आणि इसाराचे शंभर रुपये काढायला खिशात हात घातला.

तेवढ्यात पत्नी म्हणाली, “अहो, पण दोन्ही गाड्या चालवणारा माणूस एक कुठं होता?”

इतकी उघड गोष्ट, आणि मला सुचली नव्हती. मी आडत्याच्या ड्रायव्हरला आमच्याच जुन्या गाडीत बसवलं. पाणी पुन्हा पाच इंच. परत येऊन मोजलं, अर्धा इंच आणि एक सूत. मॅनेजरला विनंती करून त्याच्या गाडीतही त्यालाच बसवलं. अर्धा इंच. म्हणजे दिवसभर मी गाड्या मोजत नव्हतोच.

मी त्याला विचारलं, “मामू, तुम्ही करता काय?”

“काय न्हाई साहेब. या रस्त्याला सहा मैलात सतरा मोऱ्या हायत. मोरी यायच्या आधी पाय उचलतो.”

“मी एकोणीस मोजल्या.”

“दोन फुटल्यात. त्याला मी आता खड्ड्यात धरतो.”

पाण्यावरून गाडी ठरत नाही म्हटल्यावर दुसरी कसोटी लावली. दोन्ही गाड्या रात्रभर उघड्यावर थंडीत ठेवायला सांगितल्या आणि सूर्य उगवायच्या आत हँडल मारून पाहिलं. चकचकीत गाडी अकराव्या फेऱ्याला सुरू झाली, आडत्याची तिसऱ्या. गाडी ठरली. घासाघीस होऊन किंमत अठराशे पंचवीस झाली, त्यात आमची जुनी गाडी आडत्यानं पावणेतीनशेला धरली.

मग मी मुद्द्याचं बोललो, “आप्पा, चार दिवस तुमचा ड्रायव्हर पाहिजे.”

“गाडी विकली, डायवर न्हाई विकला,” तो म्हणाला. “तुरीचा माल यायलाय. तीन खेड्यांतल्या उधारीची उगाई हाय. माणूस कुठून आणू?”

मी दुप्पट रोज देऊ केला. तो पान लावत राहिला. तेव्हा पत्नी ओट्याजवळ गेली आणि आदल्या वर्षीचं तिनं सांगितलं, पदर तोंडाला न लावता, सरळ. शेवटी म्हणाली, “आप्पा, या साहेबांचा हात चांगला आहे, पण त्यांचं लक्ष मैलाच्या दगडांकडे असतं.”

आडत्या हसला नाही. डबा मिटून त्यानं आत हाक मारली, “मामू, अक्कांबरोबर जावा. सावकाश जावा. तूर कुठं पळून जात न्हाई.”

औशाहून पहाटे निघालो. मुलगी मागे, तिच्या पाठीला दोन उशा, शेजारी आई. मी पुढे बसलो आणि पट्टी पिशवीतच ठेवली. चाकुरात चहा घेतला, अहमदपुरापुढे मुलगी झोपली. लोह्याजवळ एका बैलगाडीमागे अर्धा तास चाललो, पण मामूनं हॉर्न वाजवला नाही. शंभर मैलांना साडेदहा तास लागले. दारात मुलगी स्वतःच्या पायांनी उतरली आणि म्हणाली, “आई, भूक लागलीय. भाकरी आहे का?” पत्नी थेट स्वयंपाकघरात गेली.

हिशेब असा झाला: आडत्याला लातुरातच रोख पंधराशे पन्नास आणि जुनी गाडी. मामूला चार दिवसांचे रोज चारप्रमाणे सोळा, परतीच्या मोटारीचे साडेतीन, मिळून साडेएकोणीस. पत्नीनं ते एकवीस केले आणि स्वतः नेऊन त्याच्या हातात दिले.