संकष्टीच्या तिसऱ्या

गेल्या आठवड्यात आम्ही बेटावर फिरून आलो... हसू नका, गोराईलाच. आमचा प्रशांत त्याला आयलंड म्हणतो. बोरिवलीत राहून माझे केस पांढरे झाले, खाडीपलीकडे गेले असेन दोनदा, आणि आता म्हणे आयलंड!

लॉन्चमध्ये माझी नात ओवी माझ्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. सहा वर्षांची आहे. मागच्या मे महिन्यात सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये तिचा पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं... तेव्हापासून पोर पाण्याजवळ जात नाही. केस धुवायचे म्हटले की घर डोक्यावर घेते. समजावून झालं, ओरडून झालं. तिची भीती जावी म्हणून तर ही ट्रिप, नाहीतर प्रशांतला कुठली सुट्टी!

पण जागा काय झकास हो... खारफुटीत पांढरे बगळे, चिखलात उड्या मारणारे निवटीचे मासे, एकच मोठी नांगी उचलून सलाम ठोकणारे चिमुकले खेकडे. प्रशांत आणि सूनबाई नेहा कयाक चालवायला गेले. ओवीला किती बोलावलं, पण तिने माझा पदर सोडला नाही.

ओहोटी होती. ओला चिखल बघून माझे पाय शिवशिवायला लागले. माझं लहानपण देवगडच्या खाडीत गेलं, शाळेत कमी आणि चिखलात जास्त. साडी खोचली आणि उतरले. टाच रुतवायची, गोल फिरवायची, खाली कडक शिंपली लागली की समजायचं... तिसरी! इतक्या वर्षांनी पण पाय विसरले नाहीत बघा.

मी शिंपल्या काढून फेकायची, ओवी कोरड्या वाळूत उभी राहून बादलीत भरायची. ही मम्मी, ही बेबी, असं चाललेलं. बादली भरत आली, माझ्या मनात कालवणासाठी खोबऱ्याचं वाटपसुद्धा वाटून झालं... तेवढ्यात प्रशांत आणि नेहा परत आले, नेहाच्या हातात मोबाईल.

"आई, अहो आज संकष्टी आहे!"

मी जीभ चावली. पाण्याच्या चढ-उतारावरून तिथी सांगणारी माझी आई, आणि तिची ही लेक! आमच्याकडे संकष्टीला मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. उपास तर सकाळीच मोडलेला, जेट्टीवर वडापाव खाऊन.

म्हटलं, चला, परत सोडूया. मी मूठभर तिसऱ्या काठावर टाकल्या, तर ओवी केवढ्याने ओरडली, "आजी, इथे नको ना गं! बगळा खाईल बेबीला!"

आणि बादली उचलून निघाली की स्वतःच...

भरती लागली होती. पाणी तिच्या घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. प्रशांतने तोंड उघडलं, तसा मी त्याला सणसणीत चिमटा काढला. "गप रे! एक शब्द बोलू नकोस."

मी तिच्या मागोमाग, अगदी हाताच्या अंतरावर, पण हात न लावता. ती वाकून एकेक तिसरी पाण्यात सोडायची. "जा घरी, मम्मी शोधत असेल." गुडघ्यापर्यंत पाणी आलं... आणि एक लाट येऊन तिच्या तोंडावरच फुटली.

झालं! आता रडणार...

तिने फ्रॉकने तोंड पुसलं आणि म्हणाली, "थांब आजी, अजून तीन राहिल्यात."

मागे वळून बघितलं तर नेहाने तोंडावर हात दाबून धरलेला, डोळे भरलेले.

काल केस धुताना परत रडली, हो. एका दिवसात सगळं थोडंच होतं? पण मध्येच रडायची थांबून विचारते, "आजी, तिसऱ्या पाण्यात डोळे मिटतात का गं?" आता मला काय माहीत! पण तिने मात्र घट्ट मिटले आणि तांब्या डोक्यावर ओतू दिला.

संकष्टी विसरले म्हणून बाप्पासमोर कान पकडले मी... आणि हळूच थँक्यू पण म्हटलं.