व्याही दारात, आबा पलंगावर

मंडळी, आज दुपारी जे झालं, ते इथं लिहून मोकळी होते.

आज परभणीत आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. मनगटातली नस बारीक निघाली, म्हणून जांघेतून नळी घातली. नळी काढल्यावर सिस्टरनं बजावलं, "मामा, सहा तास पाय सरळ. उठायचं न्हाई, गुडघा वाकवायचा न्हाई." आबांनी मान डोलावली.

तासाभरात राणीसावरगावहून माझे वडील भेटायला आले. व्याही दारात दिसले अन् आबा ताडकन उठून बसले! पाय खाली सोडून राम राम घालायलेत, तोवर जांघेवरची पट्टी लाल झाली.

सिस्टर धावत आली. आबांना आडवं करून तिनं दोन्ही हातांनी जांघ दाबून धरली. डॉक्टर बघून गेले, तरी तिचे हात तिथंच. चांगली वीस मिनिटं! तिच्या कपाळावरचा घाम मी पदरानं पुसला.

रक्त थांबलं. आबा ओशाळून म्हणाले, "व्याही उभे अन् मी आडवा, बरं दिसतंय का?"

सिस्टर हसली. "मामा, राम राम झोपूनबी पोचतो."

मग माझे वडील खुर्ची ओढून, आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून संध्याकाळपर्यंत बसले. पाय जरा हलला की म्हणायचे, "व्याही, सरळ."

आबा आता बरे आहेत. त्या सिस्टरचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. उद्या आधी तेच काम.

पेशंटला भेटायला जाताना आपण केळी आठवणीनं नेतो. पण दारातूनच "उठू नका" म्हणतो का?