मिक्सिंगवाली आपा

आपा नवरीचं रडणं कापायची. लग्नाचं शूटिंग तिच्या टेबलावर आलं की ती आधी पाठवणी शोधायची आणि त्यातली निम्मी आसवं काढून टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "एकदा रडून झालं ना तिचं? मग रोज काहून दाखवायचं?" माजलगावात स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत ती व्हिडिओचं मिक्सिंग करायची. हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या पोरींची लग्नं तिच्या हाताखालून गेली, म्हणून ती साऱ्या गावाची मिक्सिंगवाली आपा.

माझ्या धाकट्या बहिणीचं, रेखाचं लग्नही तिनेच सजवलं. गाणी निवडायला आम्ही दोघी तिच्याजवळ बसलो होतो. कानाला हेडफोन, तोंडात बडीशेप आणि पडद्यावर सतरा गोष्टी उघड्या. कॉम्प्युटर अडकला की त्याच्या डोक्यावर चापट मारून म्हणायची, "लई लाडावलंय हे." नवऱ्याला घास भरवताना रेखा खळखळून हसली होती. तो तुकडा आपाने पुन्हा पुन्हा पाहिला. "ही हसती तवा बघत बसावं वाटतं," ती म्हणाली. दुर्दैवाने मालकालाही तसंच वाटलं. त्याने तो तुकडा जाहिरात म्हणून दुकानाच्या दर्शनी टीव्हीवर लावून टाकला. सकाळपासून शटर पडेपर्यंत तेच.

वर्षभरात रेखा माहेरी परत आली. नवऱ्याने तिचे काय काय हाल केले ते इथे लिहीत नाही. सोडचिठ्ठी झाली एवढं पुरे. ती एका दवाखान्यात कामाला लागली, पण वाट नेमकी स्टुडिओवरून. टीव्हीत ती त्याच माणसाला घास भरवत असायची आणि समोर चहा पिणारे एकदा टीव्हीकडे, एकदा हिच्याकडे बघायचे. शेवटी ती मागच्या गटाराच्या गल्लीने जायला लागली.

आमचे वडील, अण्णा, मालकाला विनवायला गेले. मी सोबत होते. मालकाने आमच्यासमोर फाइल पुसायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. "बघा, मशीनच न्हाई म्हणतंय," तो म्हणाला. "फाइल दुसऱ्या प्रोग्राममदी चालू हाय. मी तरी काय करू?" अण्णांनी मशीनला हात जोडले नाहीत एवढंच. पुन्हा गेलो, पुन्हा तोच खेळ. टीव्हीवरचं बंद केलं की फाइल पुसता येते, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. पण लग्नसराईत त्याला रेखाचं हसू हवं होतं. त्या माणसाची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आपाचं टेबल आतल्या बाजूला होतं. आमचं सगळं बोलणं तिला ऐकू जायचं. त्यानंतरच्या खेपेला मालकाने बटण दाबलं, सूचना आली, आणि आपा जागची उठली. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. तिने टीव्हीचा प्रोग्राम बंद केला. मग फाइल पुसली, आणि कपाटातून हार्ड डिस्क काढून तिच्यातली जादा प्रतही पुसली.

"कुणाला इचारून बंद केलं?" मालक ओरडला.

"तुमीच म्हणलात ना, चालू हाय म्हणून पुसता येत न्हाई," आपा म्हणाली. "केलं बंद." आणि कुणी जा म्हणायच्या आत ती पर्स उचलून चपला घालू लागली.

त्यानंतर गावातल्या एकाही स्टुडिओने तिला कामावर घेतलं नाही. ही बाई गिऱ्हाइकांच्या फाइली पुसते, असं मालकाने सगळीकडे पसरवलं. ज्यांच्या लेकींची आसवं तिने कापली होती, त्या घरांनीही ते खरं मानलं. आता ती घरीच साड्यांना फॉल-पिको करते. बडीशेप तेवढी सुटलेली नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी तिच्याकडे साड्या घेऊन गेलो होतो. पाण्याचा तांब्या पुढे करत तिने रेखाला सहज विचारलं, "स्टँडवरून आलीस ना ग?"

"न्हाई आपा, गल्लीनं. रोज तिकडूनच जाते."

शिलाई मशीन थांबलं. "टीव्ही तर बंद केलता मी."

"टीव्ही बंद झाला. बघणारी माणसं तीच हायत."

आपा हातातल्या साडीच्या काठाकडे बघत राहिली. "मग मी काहून पुसलं ग?" ती म्हणाली.

आपाने दोरा दाताने तोडला आणि पुढची साडी ओढली.